दोर हलला नाही म्हणजे जोर नव्हता का? चौथी-पाचवीच्या मुलांना संतुलित आणि असंतुलित बल कसं शिकवावं

कृष्णाकाठची_बाई

नमस्कार मंडळी. मी वाई तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत चौथी-पाचवीला शिकवते. दोन्ही वर्ग मिळून २१ मुलं. गेल्या आठवड्यात बल शिकवायचं म्हणून सगळ्यांना मैदानावर नेलं आणि रस्सीखेच लावली. मधोमध लाल रिबीन, खाली फक्कीची रेघ. दोन्ही बाजू मुद्दाम तोडीस तोड केल्या होत्या. शिट्टी वाजली आणि चांगले दहा-बारा सेकंद रिबीन रेघेवर नुसती थरथरत राहिली. ना इकडे ना तिकडे.

थांबवून विचारलं, "आत्ता दोरावर बल होतं का?" निम्म्याहून जास्त मुलं ओरडली, "नव्हतं! हललाच नाही की."

तेवढ्यात चौथीतली एक मुलगी पुढं आली आणि दोन्ही तळवे माझ्यासमोर धरले. लालबुंद, दोराचा पीळ जसाच्या तसा उमटलेला. म्हणाली, "मग हे कशानं झालं बाई?"

वर्ग गप्प झाला.

अडचण पुढं आहे. एका सराव प्रश्नपत्रिकेत "स्थिर वस्तूवर कोणतेही बल कार्य करत नाही. चूक की बरोबर?" असा प्रश्न आला आणि उत्तरसूचीत 'बरोबर' छापलेलं. मी 'चूक' धरून गुण दिले. एक पालक विचारायला आले, छापलेलं खोटं कसं असेल? त्यांना पटेल अशा शब्दांत मला सांगता आलं नाही, ती सल मनात आहे.

दोन प्रश्न विचारते. 'हलत नाही म्हणजे बल नाही' ही समजूत मुळापासून कशी काढायची? आणि सरळ रेषेत सारख्या वेगानं चालणाऱ्या वस्तूवरची बलंही संतुलित असतात, हे या वयात सांगावं की नववीपर्यंत थांबावं?

माणदेशी

बाई, त्या पोरीला आधी शाबासकी द्या. अख्खा धडा तिनं तळहातावर दाखवला.

भौतिक_कराड

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. तुमचा प्रश्न चौथीचा असला तरी ही समजूत घेऊन आलेली मुलं मला दर वर्षी भेटतात. 'बल नाही' आणि 'बलांची बेरीज शून्य' ही दोन वाक्यं त्यांना एकच वाटतात.

मी व्यवहारातलं सांगतो. सकाळी खिशात शंभर रुपये आले, संध्याकाळी शंभर गेले. खिसा जसा होता तसाच. म्हणून दिवसभरात व्यवहारच झाला नाही असं कुणी म्हणेल का? दोराचं तसंच आहे. डावीकडून ओढ आहे, उजवीकडूनही तेवढीच आहे. दोन्ही खऱ्या आहेत, फक्त शिल्लक शून्य. शिल्लक शून्य असली की बलं संतुलित. शिल्लक उरली की असंतुलित, आणि मग ती वस्तू थांबलेली असेल तर हलते, हलत असेल तर वेग वाढतो, कमी होतो किंवा दिशा बदलते.

मुलांना "हललं का?" असं विचारू नका. "बदललं का?" असं विचारा.

साताऱ्याची_आई

छान धागा. माझा मुलगा पाचवीत आहे. मी त्याला टेबलावरच्या पुस्तकाचं उदाहरण दिलं. पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते, टेबल वर ढकलतं, क्रिया आणि प्रतिक्रिया समान म्हणून पुस्तक स्थिर. बरोबर ना?

भौतिक_कराड

@साताऱ्याची_आई, उदाहरण उत्तम, पण कारणात एक गफलत आहे. ती फार जणांची होते म्हणून सविस्तर लिहितो.

क्रिया आणि प्रतिक्रिया कधीच एका वस्तूवर नसतात. टेबल पुस्तकाला वर ढकलतं, तर पुस्तक टेबलाला खाली दाबतं. ही जोडी. एक बल पुस्तकावर, दुसरं टेबलावर. म्हणून ती एकमेकांना 'मारत' नाहीत. पुस्तक स्थिर आहे ते पुस्तकावरच्याच दोन बलांमुळे: पृथ्वीची खालची ओढ आणि टेबलाचा वरचा रेटा. संतुलित म्हणताना सगळी बलं एकाच वस्तूवरची मोजायची. आधी वस्तूवर बोट ठेवायचं, मग तिला कोण कोण ओढतंय, ढकलतंय ते विचारायचं.

साताऱ्याची_आई

अरेच्चा. म्हणजे क्रिया-प्रतिक्रिया नेहमी समान, पण पुस्तकावरची बलं समान असतीलच असं नाही? खालून टेबल काढलं तर पुस्तक पडेल, तेव्हा?

भौतिक_कराड

तेव्हा पुस्तकावर पृथ्वीची ओढ एकटीच उरते. असंतुलित. आणि त्या क्षणीही पुस्तक पृथ्वीला तेवढंच वर ओढत असतं. जोडी शाबूत, संतुलन गेलं. तुम्ही अगदी नेमका प्रश्न विचारलात.

तालमीतला

लहानपणी विट्याजवळ तालमीत होतो म्हणून लिहावंसं वाटलं. दोन पैलवान भिडतात, कपाळाला कपाळ, हात मानेवर. बघणाऱ्याला वाटतं दोघं नुसते उभे आहेत. आत काय चाललंय ते ज्याच्या पोटऱ्या थरथरतात त्यालाच ठाऊक. दोन मिनिटांत अंगावरची माती घामानं ओली होते. हे तुमचं संतुलित बल.

मग एकजण डाव टाकतो. समोरचा रेटत असतो तेव्हा हा आपला रेटा एकदम काढून घेतो आणि त्याच दिशेला ओढतो. समोरच्याचा तोल पुढं जातो आणि तो मातीत येतो. वस्ताद म्हणायचे, "त्याचा जोर त्यालाच दे." आत्ता हा धागा वाचताना कळलं की आम्ही असंतुलित बल वापरत होतो.

बाईंनी पोरांना खाशाबा जाधवांचीही गोष्ट सांगावी. कराडजवळच्या गोळेश्वरचा माणूस, १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आपल्या मुलखातलं बळ म्हटल्यावर पोरं कान टवकारतील.

भौतिक_कराड

@तालमीतला, सुंदर. एकच पुस्ती. पैलवान एकमेकांना रेटतात ती झाली जोडी. प्रत्येक पैलवान जागेवर राहतो तो पायाखालच्या मातीमुळे. त्याच्यावर दोन बलं: समोरच्याचा रेटा मागं, मातीचं घर्षण पुढं. ती समान आहेत तोवर तो हलत नाही.

रस्सीखेचही खरं तर पायांनी जिंकतात. हलका दोर दोन्ही संघांना जवळपास सारखाच ओढत असतो. ज्याचे पाय जमिनीला जास्त घट्ट, तो जिंकतो. म्हणून खेळाडू मागं रेलून टाचा रोवतात.

नव्या_वाटेचा_मास्तर

हे करून पाहिलंय, लिहितोच. आमच्या शाळेत (जत तालुका) सहावीची दांडगी पोरं एका बाजूला आणि चौथीची दुसऱ्या बाजूला. पहिल्या फेरीत अर्थातच सहावी जिंकली. दुसऱ्या फेरीत सहावीच्या पायाखाली खताच्या प्लास्टिकच्या गोण्या अंथरल्या आणि चौथीला अनवाणी मातीवर उभं केलं. शिट्टी वाजली आणि सहावी गोण्यांसकट घसरत पुढं आली. चौथीचा आनंद तुम्ही बघायला हवा होता. त्या दिवसापासून घर्षण हा शब्द एकालाही समजावावा लागला नाही.

कृष्णाकाठची_बाई

गोण्यांचं उद्याच करते!

साताऱ्याची_आई

करा, पण एक काळजी घ्या. दोर हाताला गुंडाळू देऊ नका. माझ्या भावाच्या बोटाला शाळेत असतानाच्या रस्सीखेचीत कायमची इजा झाली. त्याने जोर मिळावा म्हणून दोराचे दोन वेढे हाताला घेतले होते आणि कुणी अडवलं नाही. सगळ्या बाजूंनी ओढ असताना हात सोडवता येत नाही. दोर नुसता धरायचा, आणि हरणारा संघ असो वा जिंकणारा, कुणीही एकदम सोडायचा नाही.

कृष्णाकाठची_बाई

@साताऱ्याची_आई, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. शिट्टीआधी प्रत्येकाचे हात तपासेन.

तारांचं_घर

आम्ही मिरजेचे. घरात तीन पिढ्या तंबोरे बनवतात. माझं शिक्षण विज्ञानातलं नाही, पण बाईंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आमच्या कामाच्या खोलीत रोज ऐकू येतं असं मला वाटतं.

तंबोऱ्याची तार बसवली की ती स्थिर असते. एक टोक खाली बांधलेलं, दुसरं वर खुंटीला. खुंटी थोडी पिळली की तार पुन्हा स्थिरच. डोळ्यांना दोन्ही वेळा काहीच फरक दिसत नाही. पण छेडलीत तर दुसऱ्या वेळी स्वर चढलेला असतो. म्हणजे तार हलत नव्हती तरी तिच्यातला ताण वाढला होता. न हलणाऱ्या वस्तूतलं बल तुम्हाला दिसत नसेल तर ते कानानं ऐका.

आणि छेडताना नीट बघा. बोटानं तार बाजूला धरून ठेवली तोवर ती गप्प. बोट एका बाजूला ओढतंय, तारेची दोन टोकं दुसऱ्या बाजूला, तोल आहे. बोट काढलं की तोल गेला, आणि तार झणकारली.

शाळेत तंबोरा नसेल तर जेवणाचा रिकामा डबा घ्या, झाकण काढून त्यावर रबर चढवा आणि छेडा. मग बाजूनं, काठाखाली रबर ओढून ताण द्या आणि पुन्हा छेडा. पोरांना स्वर वर गेलेला लगेच कळतो.

भौतिक_कराड

@तारांचं_घर, इतकी वर्षं शिकवतोय, 'संतुलित बल कानानं ऐका' हे मला कधी सुचलं नव्हतं. उद्या वर्गात सांगणार, तुमचा दाखला देऊन.

पेठेतली_लेक

माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हमाली करायचे. हळदीची पोती. लहानपणापासून एक प्रश्न आहे, इथं विचारते. पोतं पाठीवर घेऊन माणूस नुसता उभा राहिला तर पोतं हलत नाही, माणूस हलत नाही, सगळं संतुलित. मग दम का लागतो? बाबा म्हणायचे, उचलण्यापेक्षा खोळंबून उभं राहणं वाईट.

भौतिक_कराड

तुमच्या बाबांचा अनुभव खरा आहे. ५० किलोच्या पोत्याला पृथ्वी साधारण ४९० न्यूटन बलानं खाली ओढते आणि पाठीला तेवढंच वर ढकलत राहावं लागतं. लाकडी बाकावर तेच पोतं ठेवलं तर बाक दमत नाही, कारण लाकूड किंचित दबून तसंच राहतं. स्नायू तसा नसतो. तो ताण धरून ठेवायला आतले तंतू सतत आखडत राहतात आणि त्याला ऊर्जा लागते. पोतं हललं नाही तरी शरीर आत काम करत असतं. संतुलित म्हणजे निवांत नव्हे.

पेठेतली_लेक

हे बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "एवढं शिकलेल्या माणसाला पटलं म्हणजे बरं झालं."

सांगलीवाडी

पुराचा विषय कुणी काढला नाही म्हणून मी काढतो. आमच्याकडं पुरात गुऱ्हाळातली काहील, म्हणजे उसाचा रस उकळायची मोठी कढई, होडीसारखी वापरतात हे बऱ्याच जणांना माहीत असेल. २०१९ ला आमच्या गल्लीतली म्हातारी माणसं अशीच बाहेर काढली. लोखंडाची एवढी जड काहील, पण पाण्यावर तरंगते. एक माणूस बसला की चार बोटं खाली जाते आणि थांबते. दुसरा बसला की आणखी खाली जाते आणि पुन्हा थांबते. प्रत्येक वेळी ती आपला नवा तोल शोधते. काठ पाण्याला टेकायला आला की मात्र बास, तिसऱ्याला घ्यायचं नाही.

त्या रात्री यामागचं कारण कुणाच्या डोक्यात नव्हतं. नंतर मुलीला बादलीत स्टीलची वाटी सोडून दाखवलं. एकेक गोटी टाकत जायचं आणि वाटीवर पाणी कुठवर आलं ते पेननं खुणायचं. जितकी खाली जाते तितकं जास्त पाणी बाजूला सारते आणि तितकी जास्त जोरानं वर ढकलली जाते. काठावरून पाणी आत आलं की खेळ संपला. तिला तीन-चार वेळा बुडवून बघावंसं वाटलं, मी बघू दिलं.

माणदेशी

आमच्याकडं पूर न्हाई, आमच्याकडं हिरी. लई खोल. आजी पाणी शेंदताना सांगायची, हिसका मारू नगं, सरळ एका लयीत वढ. एकदा मी ऐकलं न्हाई, भरल्या बादलीला खालून जोरात हिसका दिला आन् सोल, म्हंजी दोर, तुटला. बादली गेली तळाला. आजी दिवसभर बोलली न्हाई.

आता कळतंय. एका लयीत वढताना सोलाला बादलीच्या वजनाएवढाच ताण. हिसका दिला की बादलीचा वेग एकदम वाढवायचा असतो, त्याला वजनापेक्षा जास्त ताण लागतो. जुना सोल तेवढा ताण कुठनं सोसणार?

भौतिक_कराड

@माणदेशी, बाईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या विहिरीत आहे. बादली वर येतेय, हलतेय, तरी एका लयीत असेल तर बलं संतुलित.

नव्या_वाटेचा_मास्तर

इथं मी असहमत. चौथी-पाचवीला हे नको. मुलांना 'स्थिर म्हणजे संतुलित, हललं म्हणजे असंतुलित' एवढं पक्कं होऊ द्या. त्यावर लगेच "पण हलणारीही संतुलित असू शकते" असं सांगितलं की पहिलंही पुसलं जातं. मी एक वर्ष प्रयत्न केला होता. परीक्षेत अर्ध्या वर्गाने सगळीकडे 'संतुलित' लिहिलं. नववीला गतीचे नियम येतात, तेव्हा वय तयार असतं.

घाटवाट

मी निवृत्त एसटी चालक. पुस्तकातलं मला फार कळत नाही, पण मास्तरांच्या म्हणण्याला माझा विरोध आहे. 'हललं म्हणजे असंतुलित' हे पोराच्या डोक्यात एकदा बसलं की ते काढायला नववीच्या मास्तरांना दुप्पट मेहनत. चुकीचं पक्कं कशाला करायचं?

पोरं गाडीत बसलेली असतात. पसरणी घाट वाईच्या पोरांना पाठ असतो. त्यांना विचारा. सपाटीला गाडी एका वेगानं चालली असताना सीटवर काय वाटतं? काही नाही, पेंग येते. ब्रेक मारला की? पुढं जाता. गाडी उठवली की? पाठ सीटला चिकटते. वळणावर? शेजारच्यावर कलंडता, आणि ते काटा त्याच आकड्यावर असतानाही, कारण दिशा बदलते. जिथं अंगाला जाणवलं तिथं असंतुलित. जिथं झोप लागली तिथं संतुलित. याला नववी कशाला पाहिजे?

सपाटीला एका वेगानं जाताना मी पाय ॲक्सिलरेटरवर ठेवतोच. काढला तर गाडी हळू होते, कारण वारा आणि टायरचं घर्षण मागं ओढत असतात. इंजिनचा जोर त्यांच्याबरोबर फिटतो म्हणून वेग तोच राहतो.

नव्या_वाटेचा_मास्तर

@घाटवाट, काका, झोपेची कसोटी मला पटली. शब्द न वापरता अनुभव देता येईल. 'संतुलित गती' असं लिहून घ्यायला लावणार नाही, पण 'हललं म्हणजे असंतुलित' हे वाक्य फळ्यावरून काढतो.

भौतिक_कराड

एक लक्षात घ्या, ही चूक लहान मुलांचीच नाही. ढकलणं थांबलं की वस्तू थांबते, म्हणून चालत ठेवायला सतत बल हवंच, असं ॲरिस्टॉटलपासून जवळजवळ दोन हजार वर्षं मोठमोठे विद्वान मानत होते. गॅलिलिओनं घर्षण वजा करून विचार केला, आणि न्यूटननं १६८७ साली नियम मांडला. कॅरम बोर्डवर एकदा पावडरशिवाय आणि एकदा पावडर टाकून तीच टिचकी मारायला द्या. स्ट्रायकर पावडरीवर कितीतरी लांब जातो. मग विचारा, घर्षण मुळीच नसतं तर? मुलं स्वतःच म्हणतात, थांबलाच नसता.

आता एक कोडं. दोन कप्प्या, मधोमध आडवा ताणकाटा (वजन करायचा स्प्रिंगचा काटा). त्याच्या दोन्ही टोकांना दोऱ्या बांधून त्या कप्प्यांवरून खाली सोडल्या. दोन्हीकडे अर्धा-अर्धा किलो टांगला. काटा किती दाखवेल?

साताऱ्याची_आई

एक किलो.

तालमीतला

शून्य. दोन्ही बाजूंनी सारखंच.

तारांचं_घर

अर्धा किलो. तारेचं एक टोक खिळ्याला बांधलं काय आणि माणसानं धरलं काय, ताण तोच.

भौतिक_कराड

@तारांचं_घर, बरोबर. एका बाजूचं वजन काढून तिथं भिंतीला खिळा मारा, काटा तेवढाच दाखवेल. साधा ताणकाटा छताला टांगून भाजी मोजतो तेव्हाही छत वर ओढतच असतं, आपण ते मोजत नाही एवढंच.

कृष्णाकाठची_बाई

मंडळी, आठवड्यानं परत आले. सगळं करता आलं नाही, तीन गोष्टी केल्या.

गोण्यांवरची रस्सीखेच केली. हात तपासले, वेढे कुणाचे नव्हते. पाचवी घसरली, चौथीनं मैदान डोक्यावर घेतलं.

डबा आणि रबर सगळ्यांनी घरून आणले. पहिली दहा मिनिटं नुसता गोंगाट. मग मी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि एकाच मुलाला छेडायला लावलं, आधी सैल, मग ताणून. "कुठल्या वेळी जोर जास्त?" सगळे हात दुसऱ्या वेळी वर. "रबर हलत होतं का, छेडण्याआधी?" "नाही." "मग जोर?" मागच्या ओळीतला एक मुलगा, जो एरवी बोलत नाही, डोळे मिटूनच म्हणाला, "आत होता."

घाटवाट काकांचा प्रश्न विचारला. सपाटीवरची झोप सगळ्यांनाच माहीत निघाली. फळ्यावर मी एकच शब्द लिहिला: बदललं?

शेवटी तोच सराव प्रश्न कोऱ्या कागदावर पुन्हा दिला आणि कारणही लिहायला सांगितलं. २१ पैकी १७ जणांनी 'चूक' लिहिलं. तळवे दाखवणाऱ्या मुलीचं कारण जसंच्या तसं देते: "चूक. दोरावर दोन्हीकडून बल होते. भांडण बरोबरीत सुटले म्हणून दोर हलला नाही. माझे हात अजून दुखतात." ते पालक परवा शाळेत आले होते. मी काही न बोलता हा कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी दोनदा वाचला आणि फोटो काढून घेतला.

उरलेल्या चौघांना सोमवारी वाटी-गोट्या देणार आहे. ताणकाटा आमच्या शाळेत नाही. कुणाकडे जुना, चालू स्थितीतला असेल का?

पेठेतली_लेक

बाबांचा आहे, हुकाचा. वापरात नाही, पण आकडे बरोबर दाखवतो. शनिवारी वाईला येणाऱ्या ओळखीच्या गाडीत पाठवते. पत्ता निरोपात कळवा.

घाटवाट

दोर जुना झाला असेल तर मी नवा देतो बाई. ट्रॅक्टरचा नको, हाताला मऊ असा सुती.